नोंदणीतलं पथक मैदानात कसं उतरवायचं

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. यंदा गाइड कॅप्टनची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. शाळेत स्काऊट-गाइडची नोंदणी वर्षानुवर्षं आहे. शुल्क भरलं जातं, 22 फेब्रुवारीला, चिंतन दिनाला, फोटो निघतात, बाकी वर्षभर काहीच होत नाही. दिवाळीच्या सुमारास निम्म्या मुली आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. मुक्कामी शिबिराला मुलींना पाठवायला पालक तयार नसतात. शिबिरांतल्या अपघातांच्या आणि गैरप्रकारांच्या बातम्या वाचून मलाही धास्ती वाटते. आणि खरं सांगायचं तर गाठी, शिट्ट्या, खुणा आजच्या मुलींच्या काय कामाच्या, हेच मला कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. गाठींचा उपयोग तुम्हालाच पटला नाही, तर मुलींना तो पटणार नाही.

मी सातारा जिल्ह्यात 27 वर्षं स्काऊट मास्तर होतो. बेसिक कोर्स करून आलो आणि पुढच्याच शनिवारी फळ्यावर क्लोव्ह हिच या गाठीची आकृती काढून मुलांकडून वहीत उतरवून घेतली. दोन शनिवार तसेच गेले. तिसऱ्या शनिवारी व्हरांड्यातल्या खांबाला दोर बांधून दाखवत होतो, तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणारं एका मेंढपाळाचं पोर मागून म्हणालं, "सर, दुसरा येढा उलटा पडलाय. असं दावं बांधलं तर कोकरू वढून काढंल." त्याचं बरोबर होतं. दुसरा वेढा उलटा पडला की ती क्लोव्ह हिच राहत नाही, ओढ बसली की सरकते. मी दोर त्याच्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसलो. त्या दिवशी बत्तीस मुलांना गाठ आली, आणि ती शिकवली त्या पोरानं.

त्याच्या घरात ती गाठ पिढ्यान्‌पिढ्या होती, फक्त तिला इंग्रजी नाव नव्हतं. तुमच्या गावात तर अशी माणसं घरोघर आहेत. वाढ्यानं उसाची मोळी आवळणाऱ्या बाया, गाडीवर नाडा टाकून भार खेचून बांधणारे गडी, एका झटक्यात सुटेल असा कासरा बांधणारे म्हातारे. त्यातल्या एखाद्या आजोबांना किंवा मावशींना शाळेत बोलवा आणि मुलींच्या पुढ्यात बसवा. मग पुस्तकातली चित्रं काढा. जाड आणि बारीक दोर एकमेकांना जोडायचा तर शीट बेंड. विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून दोर घालायचा तर बोलाइन, कारण तिचा फास ओढला तरी आवळत नाही. उपयोग आधी दिसला की नाव लक्षात राहतं.

प्रथमोपचाराचंही तसंच, पण तिथे एक सावधगिरी सांगतो. शाळेच्या कपाटात जुनी स्काऊटची पुस्तकं असतील तर सर्पदंशाचं पान त्यांतून शिकवू नका. चिरा देणं, रक्त चोखणं, करकचून आवळपट्टी बांधणं हे सगळं आता चुकीचं ठरलेलं आहे. मुलींना एवढंच पक्कं शिकवा: माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला अवयव फळी-पट्टीनं स्थिर करा, अंगठी-पैंजण-बांगडी काढा आणि प्रतिसर्पविष असलेला दवाखाना गाठा, 108 ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप चित्रावरून ओळखता यायला हवेत. त्रिकोणी पट्टीची झोळी, दोन बांबू आणि सतरंजीचं स्ट्रेचर, भाजलं तर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटं वाहतं गार पाणी. उसाच्या फडात काम करणाऱ्या कुटुंबातल्या मुलीला हे किती कामाचं आहे ते मी तुम्हाला काय सांगू?

आता सुरुवातीचं. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या अडचणींना माझ्या मते एकच जागा आहे, जिथे हात घातला की बाकीचं हलायला लागतं. ती म्हणजे पॅट्रोल. सहा ते आठ मुलींचा एक गट, त्यांची एक पॅट्रोल लीडर आणि एक सेकंड, म्हणजे लीडरची मदतनीस. अशी दोन, तीन किंवा चार पॅट्रोल मिळून तुमची कंपनी. नोंदणीच्या फॉर्मवर ही नावं असतातच, पण बहुतेक शाळांत ती फक्त रांगेत उभं राहण्यापुरती असतात. तिथे कॅप्टन शिट्टी वाजवते, कॅप्टन शिकवते, कॅप्टन लॉगबुक लिहिते आणि कॅप्टनच दमते. मग हा अजून एक तास वाटतो आणि पथक कागदावर जाऊन बसतं.

स्काऊट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे पहिलं शिबिर घेतलं, त्यात वीसेक मुलं होती. बडे लोक आपली मुलं ज्या शाळांत पाठवत तिथली काही आणि गिरणी-दुकानांत राबणाऱ्या घरांतली काही, अशी मुद्दाम मिसळून त्यांची चार पॅट्रोल केली: लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा. 1908 मध्ये त्यांचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी बंगळुरूत स्काऊटिंग सुरू झालं, 1911 मध्ये जबलपूरला मुलींचं गाइडिंग. पुढे आपल्याकडे अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या आणि 7 नोव्हेंबर 1950 ला एकत्रीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्स तयार झाली. हा इतिहास परीक्षेत विचारतात म्हणून तुम्ही पाठ करून घ्यालच. माझ्या दृष्टीनं त्यातली पहिल्या दिवसाची मिसळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. तुमची पॅट्रोल करताना गावठाणातल्या, तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या मुली वेगवेगळ्या पाडू नका. मैत्रिणी-मैत्रिणींचं पॅट्रोल करू देऊ नका असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक पॅट्रोलमध्ये निदान दोघी अशा हव्यात, ज्यांच्या घरी बाकीच्या कधी पाणी प्यायल्या नाहीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी यावरून एका पालकानं मुलाचं नाव काढून घेतलं. दुसऱ्या वर्षी तो मुलगा स्वतःहून परत आला, कारण बाकीची मुलं बिनभांड्याचा स्वयंपाक करत होती आणि त्याला ते कुंपणाबाहेरून बघावं लागत होतं.

लीडर निवडताना हुशार मुलीकडे जाऊ नका. मी पहिली पाच-सहा वर्षं ही चूक केली. पहिल्या नंबरची मुलं चांगली असतात, पण त्यांना चूक करायची भीती असते आणि सगळं स्वतःच करून टाकायची सवय. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी बघा. तिला न ओरडता कामं वाटून देता येतात.

आठवड्याची सभा एक तासाची ठेवा. आता पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहे, तो तास मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. ध्वज, तपासणी, एक पळापळीचा खेळ, मग दहा-पंधरा मिनिटं शिकवणं, मग पॅट्रोल आपापल्या कोपऱ्यात, मग पुन्हा एक खेळ, प्रार्थना आणि विसर्जन. यातला कोपऱ्याचा भाग सगळ्यांत मोठा हवा आणि त्या वेळात तुम्ही कुठल्याच कोपऱ्यात जायचं नाही. सुरुवातीला गोंधळ होईल. एका कोपऱ्यात भांडण, दुसऱ्यात गप्पा. चार-पाच आठवडे ते सहन करा. महिन्यातून एकदा फक्त लीडर आणि सेकंड यांना घेऊन बसा. कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात ती हीच सभा. पुढच्या महिन्यात काय करायचं ते त्यांना ठरवू द्या आणि त्यांनी ठरवलेलं खरोखर होऊ द्या. त्यांनी ठरवलं आणि तुम्ही बदललं, असं दोनदा झालं की पुढे त्या काही ठरवणार नाहीत.

पहिल्या शनिवारी किमचा खेळ घ्या. चोवीस वस्तू चादरीखाली, एक मिनिट बघायच्या, सोळा तरी आठवून लिहायच्या. कंपास पेटीतल्या वस्तू नकोत. विळा, चुंबळ, बाजरीचं कणीस, उसाचं कांडं, बैलाची घुंगरं, बाभळीचा काटा, रेशन कार्डाची झेरॉक्स ठेवा. पुढच्या शनिवारी वस्तू लीडरनी गोळा करायच्या.

एवढं सगळं मुलींच्या हाती सोपवलं, तर तुमच्याकडे काय राहतं? धोका. तो मात्र पूर्णपणे तुमचा. पथक मुलींनी चालवायचं आणि जीव आपण सांभाळायचा. ही वाटणी उलटी झाली की तुम्ही म्हणता तसल्या बातम्या येतात.

याचं अलीकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण दक्षिण कोरियातलं आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये सेमांगेउम इथे जागतिक स्काऊट जांबोरी, म्हणजे महामेळावा, भरली. दीडशेहून अधिक देशांतली सुमारे 43,000 मुलं-माणसं. जागा म्हणजे समुद्र हटवून काढलेली सपाट जमीन. सावलीला झाड नाही, पावसाचं पाणी निचरत नाही. त्यात उष्णतेची लाट आली. शेकडो मुलं उन्हानं आजारी पडली, स्वच्छतागृहांच्या तक्रारी आल्या, डासांनी आणि किड्यांनी हैराण केलं. ब्रिटनचं साडेचार हजारांचं पथक आणि पाठोपाठ अमेरिका आणि सिंगापूरची पथकं मैदान सोडून गेली. शेवटी वादळ येतंय म्हणून सगळ्यांनाच तिथून हलवावं लागलं. त्या मुलांनी काही चुकवलं नव्हतं. अनेकांनी तर तिकिटासाठी वर्ष-दोन वर्षं कामं करून पैसे जमवले होते. चूक झाली ती मोठ्यांकडून. जागा आधी ठरली आणि सावली, पाणी, निचरा, शौचालय यांचा विचार मागून आला. मी ती बातमी वाचून दोन रात्री अस्वस्थ होतो, कारण हेच मी छोट्या प्रमाणावर तालुका मेळाव्यात पाहिलं होतं. एप्रिलच्या उन्हात पाहुण्यांची वाट बघत तीन तास उभी केलेली मुलं, आणि एकेक करून खाली बसणाऱ्या मुली. आयोजकांना मी त्या दिवशी बोललो, पण उशिरा बोललो. त्यानंतर मी एक नियम केला: पाहुणे यायला उशीर असेल तर मुलं सावलीत बसतील, मग कुणाचा मान राहो की जावो.

तुमच्याकडे ऊन आमच्यापेक्षा कडक. मार्चनंतर मैदानी शिबिर घेऊच नका. पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. जागा बघायला आदल्या आठवड्यात स्वतः जा आणि जी वेळ मुली तिथे काढणार त्याच वेळी जा. दुपारी दोनला सावली कुठे आहे हे सकाळी आठला कळत नाही. पाण्याचा स्रोत पाहा, ते गाळून उकळायची सोय पाहा. विहीर, शेततळं, बंधारा जवळ असेल तर ती जागा सोडून द्या. "पोरी तिकडं जाणार नाहीत" यावर विसंबू नका. बाळंतपणं करणारा आणि सलाईन लावणारा दवाखाना किती मिनिटांवर आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे विचारून घ्या. पिशवीत क्षारसंजीवनीची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लीटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक लीडरला पाठ हवं. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चिमटीच्या अंदाजानं नको, चमच्यानं मोजायचं. शेकोटीजवळ दोन बादल्या पाणी आणि एक बादली माती, आणि नायलॉनची ओढणी शेकोटीभोवती अजिबात नको.

गैरप्रकारांबद्दल तुम्ही जपून लिहिलंय, मी उघड लिहितो. मुलांच्या विश्वासावर चालणारी चळवळ असल्यामुळे वाईट माणसाला इथे शिरायला वाट मिळते, हे जगभर दिसलं आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेवर जुन्या लैंगिक अत्याचारांचे इतके दावे आले की 2020 मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. दावेदारांची संख्या 82,000 च्या वर गेली. त्या प्रत्येक आकड्यामागे एक मूल आहे, ज्यानं त्या वेळी कुणाला तरी सांगायचा प्रयत्न केला असेल किंवा सांगायची सोयच नसेल. म्हणून आता जागतिक स्काऊट संघटनेचं 'सेफ फ्रॉम हार्म' धोरण आहे आणि जागतिक मेळाव्यांना जाणाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. तुमच्या शाळेच्या पातळीवर त्याचा अर्थ सरळ आहे. कुठल्याही मुलीबरोबर कुठलाही मोठा माणूस बंद जागेत एकटा राहणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. मुक्काम असेल तर दोन स्त्रिया तरी हव्यात. दुसरी शिक्षिका नसेल तर एखादी आई. मोठ्यांची झोपायची जागा वेगळी, पण हाकेच्या अंतरावर. शिक्षा म्हणून उठाबशा, उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर अपमान यांतलं काही नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर तंबूच्या दारावर लिहून लावा. आणि एखाद्या मुलीनं काही सांगितलं, तर शाळेचं नाव, संस्थेचं नाव हा विचार करत बसू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं ती माहिती पोलिसांना देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही.

हे सगळं पालकांना सांगा. माझा अनुभव असा की पालक नाही म्हणतात ते मुलगी रात्री कुठे झोपणार, कोण बरोबर असणार, शौचालय कुठे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. पहिल्या वर्षी मुक्काम ठेवूच नका. आधी अर्ध्या दिवसाची हाइक, मार्गचिन्हं शोधत गावाच्या माळापर्यंत. मग शाळेच्या पटांगणात संध्याकाळची शेकोटी, आयांना बोलवून. त्या शेकोटीत ओव्या आणि भारुडं झाली तर उत्तमच. शेकोटीला शिबिरांतल्या त्या ठरावीक हिंदी टाळ्याच हव्यात असं कुठे लिहिलेलं नाही. मग शाळेतच एक मुक्काम. तिसऱ्या पायरीवर आया स्वतः विचारतील की पुढचं कधी. आणि जमेल तेव्हा मुलींना पुण्याच्या आळंदी रस्त्यावरचं 'संगम' दाखवून आणा. गाइडिंगच्या मोजक्या जागतिक केंद्रांतलं हे एक, 1966 पासून आपल्या महाराष्ट्रात आहे. दुसऱ्या देशांतल्या मुली तिथे स्वयंपाकघरात भांडी घासताना दिसल्या की आपल्या मुलींच्या मनातलं बरंच काही जागेवर येतं.

कागदांबद्दल थोडंच. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार, हा क्रम घाई करून चढवू नका. मुलीला येत नसताना चाचणीवर सही करायचा आग्रह होईल, मलाही झाला. एका वर्षी वरून आकडा आला की इतकी मुलं राज्य पुरस्काराला बसलीच पाहिजेत. ज्यांना खरंच येत होतं तेवढ्यांचीच नावं मी दिली, त्यावरून दोन वर्षं माझ्या शाळेला शिबिराचं पत्रच आलं नाही. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. पालक रेल्वेच्या स्काऊट-गाइड कोट्याबद्दल विचारतील. तो आहे, पण त्याला राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज (प्रौढांच्या प्रशिक्षणातलं वरचं मानचिन्ह), मागच्या काही वर्षांचं सलग सक्रिय सभासदत्व आणि मोठ्या मेळाव्यांतला सहभाग लागतो, जागा मोजक्या असतात. खोट्या आशेवर मुलगी आणू नका. गणवेशाचंही तेच. 2024 मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांचा दुसरा गणवेश स्काऊट-गाइडच्या धर्तीवर शिवायचा निर्णय झाला, कापड आणि शिलाईच्या घोळात तो कित्येक मुलांपर्यंत वेळेत पोचला नाही आणि पुढे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. खांद्यावर पट्ट्या आल्या म्हणून कुणी गाइड झाली नाही. पहिल्या वर्षी एक स्कार्फ पुरे. दीक्षाविधीला, म्हणजे मुलगी वचन घेऊन गाइड होते त्या समारंभाला, तोच गळ्यात घाला. पैसे खरी कमाईतून, म्हणजे मुलींनी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशातून, काढा. आमची मुलं आठवडी बाजारात लिंबू सरबत आणि भेळ विकायची, हिशेब पॅट्रोलच्या वहीत पैशापैशाचा.

राहिला ऊसतोडीचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रातला तोच मला सगळ्यांत जड वाटला. आमच्या भागात तोडकऱ्यांची पालं पडतात, तुमच्याकडच्याच मुली दिवाळीनंतर आमच्या शिवारात असतात. एका वर्षी मी पालावरच्या पाच मुलांना शनिवारी पथकात बसवलं. नोंदणीत नाव नव्हतं, तरी बसवलं. त्यांतल्या एका मुलीला वचन आणि नऊ नियम तोंडपाठ होते. तिच्या शाळेत ती सेकंड होती, असं तिनं सांगितलं. तेव्हा ताई, ज्या मुली जाणार आहेत त्यांचा दीक्षाविधी दिवाळीच्या आधी उरका, स्कार्फ त्यांच्याबरोबर द्या आणि एक छोटी वही द्या. त्यात रोजचं सत्कृत्य लिहायचं, पालावर कुणाला लागलं-भाजलं तर काय केलं ते लिहायचं, दिसलेला पक्षी, शिकलेली गाठ लिहायची. त्यांची पॅट्रोलमधली जागा मोकळी ठेवा, दुसरीला देऊ नका. मागे राहिलेल्या मुलींनी लीडरच्या फोनवरून महिन्यातून एकदा तरी त्यांना सभेत काय झालं ते सांगायचं. कुठल्या कारखान्याच्या हद्दीत कोण आहे हे तुमच्याकडे लिहिलेलं असेलच. त्या भागातल्या स्काऊट-गाइडच्या जिल्हा संघटकांना पत्र टाका की आमच्या इतक्या गाइड तुमच्याकडे आल्या आहेत, जवळच्या शाळेच्या सभेला त्यांना बसू द्या. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला आल्या तर मला कळवा. मी निवृत्त झालो असलो तरी शनिवारी अजून मैदानावर असतो, आणि ओळखीच्या चार-पाच शाळांतल्या कॅप्टन माझा शब्द मोडणार नाहीत.